कापसाचा ढीग आणि ब्लॉकचेनची वही

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये भारतातला २० हजार टन सेंद्रिय कापूस बनावट निघाला. कापूस खरा होता, त्याचं सेंद्रियपण खोटं होतं. हा घोटाळा उघड केला ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ या संस्थेनं. धंद्यातले लोक तिला ‘गॉट्स’ म्हणतात. तिनं ११ कंपन्यांवर बंदी घातली.

२० हजार टन म्हणजे किती? आपल्याकडे कापसाची गाठ १७० किलोची असते, म्हणजे सुमारे १ लाख १७ हजार गाठी. एकरी एक गाठ रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, धरली, आणि कोरडवाहू विदर्भात तेवढीही दरवर्षी होत नाही, तर लाखाहून जास्त एकर सेंद्रिय शेती नुसती कागदावर उभी होती. देशात तेव्हा वर्षाला जेवढा सेंद्रिय कापूस पिकत होता, त्याच्या जवळजवळ एक षष्ठांश.

ही लबाडी कशी झाली ते नीट पाहिलं, तर ब्लॉकचेन कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे दोन्ही कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सेंद्रिय माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा त्याच्यासोबत एक कागद जातो. त्याला ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘टीसी’. कच्च्या कापसासाठी अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ‘ट्रेसनेट’ ही सरकारी संगणक प्रणाली आहे. सेंद्रिय शेतीच्या नोंदी आणि टीसी तिच्यात असतात. लबाडांनी टीसी बनावट केले आणि त्यावर क्यूआर कोडही छापला. घेणाऱ्यानं तो मोबाइलवर स्कॅन केला की सरकारी संकेतस्थळासारखंच दिसणारं एक नकली संकेतस्थळ उघडायचं आणि सांगायचं, ‘प्रमाणपत्र खरं आहे.’ चोरानं नोट तर छापलीच, वर नोट तपासायचं यंत्रही स्वतःच आणून ठेवलं!

आता ब्लॉकचेन. शब्द ऐकला की लोकांना बिटकॉइन आठवतं आणि अंगावर काटा येतो. पण यामागची कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. १९९१ साली अमेरिकेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी एक साधा प्रश्न घेतला: संगणकातली नोंद मागाहून कुणी गुपचूप बदलली, तर ते कळणार कसं?

त्यांच्या उत्तरात ‘हॅश’ नावाची गोष्ट होती. कोणताही मजकूर, मग तो दोन ओळींचा असो की दोनशे पानांचा, एका गणिती चक्कीतून काढला की ठरावीक लांबीची अक्षरं-आकड्यांची एक ओळ मिळते. मजकूर तोच असेल तर ओळ तीच येते. मजकुरातला एक काना जरी बदलला, तरी सगळी ओळ बदलते. आणि ओळीवरून मूळ मजकूर मागे काढता येत नाही. थोडक्यात, मजकुराचा अंगठा.

पुढची युक्ती खरी गमतीची. त्यांच्या कंपनीनं १९९५पासून दर आठवड्याला सगळ्या नोंदींचा मिळून एक अंगठा काढून तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत, ‘हरवले-सापडले’च्या रकान्यात छापायला सुरुवात केली. आता कुणाला जुनी नोंद बदलायची असेल, तर लाखो घरांत, रद्दीत आणि वाचनालयांत गेलेले पेपर गोळा करून त्यांतली ती ओळ खोडावी लागेल. ब्लॉकचेनचा जीव एवढ्या युक्तीत आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावानं बिटकॉइनचा जो निबंध आला, त्यात एकूण आठ संदर्भ आहेत आणि त्यांतले तीन या मंडळींच्या कामाचे आहेत.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सातबारा घ्या. जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव कोणी रबरानं पुसत नाही. त्याला कंस करतात, शेजारी फेरफार क्रमांक येतो, आणि त्या क्रमांकावरून मागं मागं जात आजोबांच्या वाटणीपर्यंत पोचता येतं. ब्लॉकचेनची वहीही अशीच आहे: खोडाखोड नाही, फक्त पुढची नोंद. फरक दोन. एक, प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा अंगठा असतो, त्यामुळे मधलं पान बदललं की पुढची सगळी पानं ओरडायला लागतात. दोन, ही वही एकट्या तलाठ्याच्या दप्तरात नसते. व्यवहारातल्या सगळ्यांकडे तिची प्रत असते आणि नवी नोंद सगळ्या प्रतींत एकदम चढते. एकानं आपली प्रत फिरवली तर बाकीच्यांशी जुळत नाही.

ही वही कापसाच्या धंद्यात आणली तर काय होईल?

त्याआधी कापूस कसा जातो ते बघायला हवं, कारण सगळी गंमत तिथं आहे. शेतात वेचणी होते. कापूस घरात येतो, पैशांची नड असली की गावातच खेडा खरेदीवाल्याला जातो, नाहीतर बाजार समितीत किंवा सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर. तिथून जिनिंगच्या आवारात. एकदा काट्यावरून गाडी उतरली की कापूस ढिगात पडतो आणि ढिगात नाव-गाव उरत नाही. यंत्रात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, रुई दाबून गाठ बांधतात. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे एका गाठीत चार शेतकरी सहज असतात. पुढे सूतगिरणीत तर मुद्दाम मिसळतात. सूत एकसारखं यावं म्हणून डझनावारी वेगवेगळ्या गाठी शेजारी मांडून प्रत्येकीतून थोडी थोडी रुई उचलतात. मग कापड, रंगाई, शिलाई, निर्यात. तिकडे दुकानात टी-शर्ट हातात घेणाऱ्याला ‘हा कापूस कुणाच्या शेतातला?’ हे विचारायचा हक्क आहे, पण आत्तापर्यंतच्या प्रवासात तो प्रश्न दोनदा मेलेला असतो. एकदा जिनिंगच्या ढिगात, एकदा गिरणीच्या मिसळीत.

म्हणून या धंद्यात वर्षानुवर्षं वजनाचा हिशेब चालतो. चांगल्या पद्धतीनं पिकवलेली १०० किलो रुई साखळीत आत गेली, तर तेवढ्याच रुईचं श्रेय घेऊन माल बाहेर पडू द्यायचा. नेमक्या कुठल्या शर्टात ती रुई गेली, ते विचारायचं नाही. ‘बेटर कॉटन’ ही मोठी संस्था बरीच वर्षं याच हिशेबावर चालली. प्रत्यक्ष माल वेगळा ठेवून माग काढायची सोय तिनं नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू केली.

वजनाच्या हिशेबात फसवणूक कशी होते? एकच टीसी दोघांना दाखवून, किंवा ८० किलोच्या जागी १८० लिहून. ब्लॉकचेन नेमकी इथं कामाला येते. ‘टेक्स्टाइलजेनेसिस’ नावाची एक कंपनी आहे. ऑस्ट्रियातल्या लेन्झिंग या तंतू बनवणाऱ्या कंपनीनं तिची पद्धत २०१९पासून आजमावली. या पद्धतीत दर किलो तंतूमागे एक टोकन तयार होतं, त्याला ‘फायबरकॉइन’ म्हणतात. हे चलन नाही, त्यानं चहासुद्धा मिळायचा नाही. माल विकला की तेवढी टोकनं विकणाऱ्याच्या खात्यातून निघून घेणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. एकदा दिलेलं टोकन पुन्हा दुसऱ्याला देता येत नाही. आणि १०० किलो रुईतून १०० किलो सूत कधीच निघत नाही, कचरा आणि उडणारे तंतू जातातच. तेवढी घट हिशेबात धरली की शेवटच्या शर्टापर्यंत टोकनं कमीच होत जातात, वाढत नाहीत.

२०२०चा घोटाळा इथं पुन्हा आठवा. लोक ढोबळपणे म्हणतात, ‘क्यूआर कोड ब्लॉकचेनवर असता तर हे झालं नसतं.’ मला ते पटत नाही. क्यूआर कोड शेवटी एका पत्त्याकडे नेणारा बाण आहे. तो बाण नकली संकेतस्थळाकडे वळवणं ब्लॉकचेन असतानाही तितकंच सोपं राहिलं असतं. फरक पडला असता तो कागदच नाहीसा झाल्यानं. विकणाऱ्यानं दाखवलेलं प्रमाणपत्र तपासायचं नाही, आपल्या खात्यात टोकन आलं का तेवढं पाहायचं. बँकेत पैसे जमा झाल्याचा फोटो समोरचा दाखवतो, पण शहाणा दुकानदार स्वतःच्या खात्यात बघतो, तसंच.

पण पहिलं टोकन तयार कोण करणार?

सगळं घोडं इथं अडतं. वही कितीही पक्की असली, तरी पहिली नोंद माणूसच करतो. काट्यावर उभा असलेला माणूस किंवा शेत पाहायला आलेला तपासनीस खोटं लिहील, तर ब्लॉकचेन ते खोटं जिवापाड जपेल. उलट ‘ब्लॉकचेनवर आहे’ म्हणून त्या खोट्याला वजनही येईल. हिरे असोत, मासे असोत की कोबाल्ट, माग काढण्याच्या प्रत्येक धंद्यात अडचण हीच आहे. काँगोत जगातला साधारण ७० टक्के कोबाल्ट निघतो. तिथं पोत्याला चिठ्ठी लावली, तरी त्यात लहान मुलांनी खणलेलं खनिज कुणी ओतलं नाही ना, हे चिठ्ठीला कळत नाही.

म्हणून वहीच्या जोडीला मालाची साक्ष लागते, आणि कापूस साक्ष देतो. भारतातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटी वाणांखाली आहे. सेंद्रिय कापूस मात्र जनुकीय बदल केलेल्या बियाण्याचा चालत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतली एक चाचणी बरंच काही बोलून जाते. शिवाय प्रत्येक भागातल्या माती-पाण्याची खूण तंतूंत समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या, प्रमाणाच्या रूपानं उतरते. त्यावरून कापूस कुठल्या प्रदेशातला आहे याचा अंदाज लावणाऱ्या कंपन्या आहेत. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीवरून अमेरिकेनं केलेला कायदा २१ जून २०२२ला लागू झाला, तेव्हापासून या चाचण्यांना भाव आला. जगातला सुमारे एक पंचमांश कापूस त्या एका प्रांतात होतो. कायदा असा की तिथला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं धरून चालायचं, आणि तो तसा नाही हे आणणाऱ्यानं सिद्ध करायचं. सिद्ध करायचं म्हटलं की नोंदी हव्यात, पार शेतापर्यंतच्या.

पहिली नोंद ताळ्यावर ठेवायचा आणखी एक मार्ग मला साधा वाटतो, तो म्हणजे क्षेत्राची मर्यादा. शेतकऱ्याच्या नावावर चार एकर कापूस असेल, तर त्याच्या नावानं पन्नास क्विंटलांची टोकनं निघता कामा नयेत. महाराष्ट्रात २०२१पासून ई-पीक पाहणी आहे, शेतकरी मोबाइलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करतो. अशी नोंद टोकनाच्या वहीला जोडता आली, तर निदान कागदावरची लाख एकर शेती उगवणार नाही. नेटवर्क मिळालं तर, आणि नोंद शेतकऱ्यानंच केली तर, हे आलंच.

आता एक उलटं उदाहरण, तेही घरचं. नाशिकची द्राक्षं. २००३च्या सुमारास युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीचं धाबं दणाणलं. त्यानंतर २००६मध्ये अपेडानं ‘ग्रेपनेट’ आणलं. निर्यातीची बाग नोंदवायची, प्रत्येक प्लॉटला क्रमांक, तपासणी कृषी खात्याची, नमुने प्रयोगशाळेचे, आणि युरोपातल्या पेटीपासून थेट त्या प्लॉटपर्यंत माग. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्याच्या मुळाशी. यात ब्लॉकचेन कुठे आहे? कुठेच नाही. बिटकॉइनचा निबंध यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. एक विश्वासू मध्यस्थ, एक साधी माहितीची वही आणि नियम मोडला तर माल परत येईल ही भीती, एवढ्यावर काम झालं.

तेव्हा कुणी ‘ब्लॉकचेन बसवतो’ म्हणत आलं, तर पहिला प्रश्न असा विचारावा: वही कुणाच्या हातात द्यायची यावर तुमचं भांडण आहे का? नसेल, तर साधी वही स्वस्त पडते. अपेडासारखी सर्वांना मान्य संस्था असली की भागतं. पण साखळी विदर्भातल्या शेतातून तामिळनाडूतल्या गिरणीत, तिथून बांगलादेशातल्या कारखान्यात आणि मग जर्मनीतल्या दुकानात जात असेल, तर चौघांना मान्य असा एक तलाठी मिळत नाही. तिथं सामाईक वहीला अर्थ आहे.

पण सामाईक वहीतही माणसांचे रुसवे-फुगवे येतातच. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८मध्ये ‘ट्रेडलेन्स’ आणलं. जगभरच्या कंटेनरचे कागद एका ब्लॉकचेनवर आणायचं स्वप्न होतं. तंत्र चाललं. पण मर्स्कच्या अंगणात जाऊन आपले हिशेब मांडायला तिचे प्रतिस्पर्धी कचरत राहिले. काही मोठे आलेही, तरी सगळा धंदा एकत्र येणं जमलं नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये ट्रेडलेन्स बंद करत असल्याचं जाहीर झालं.

जिथं एकटा मोठा गिऱ्हाईकच सगळ्यांना ‘या’ म्हणू शकतो, तिथं मात्र काम पटकन होतं. अमेरिकेतल्या वॉलमार्टनं आयबीएमबरोबर एक प्रयोग केला. दुकानातल्या चिरलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग बागेपर्यंत काढायला जुन्या पद्धतीनं ६ दिवस, १८ तास, २६ मिनिटं लागली. ब्लॉकचेनवर २.२ सेकंद. हा आकडा भाषणांत फार वापरतात आणि त्यात थोडी लबाडीही आहे, कारण आधी सगळ्यांना नोंदी भरायला लावल्या म्हणूनच २.२ सेकंद झाले. पण त्याचा शाश्वततेशी खरा संबंध नंतर दिसला. नोव्हेंबर २०१८मध्ये अमेरिकेत रोमेन या सॅलडच्या पाल्यातून जंतुसंसर्ग पसरला. दूषित पाला नेमका कुठल्या शेतातला ते चटकन कळेना, म्हणून सरकारी आरोग्य यंत्रणेनं देशभर सांगितलं की घरातला, दुकानातला सगळा रोमेन फेकून द्या. चांगला पालाही गेला, त्याला घातलेलं पाणी आणि खतही गेलं. नासाडी कमी होणं हा माग काढण्याचा सगळ्यात सरळ फायदा आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

विजेचा आक्षेप झटकन संपवतो. बिटकॉइनला प्रचंड वीज लागते हे खरं, कारण तिथं अनोळखी लोकांत शर्यत लावून पान लिहायचा हक्क ठरतो. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेननं १५ सप्टेंबर २०२२ला ती शर्यतच बंद केली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. पुरवठा साखळीतल्या वह्या तर बहुधा ओळखीच्या सभासदांपुरत्याच असतात, तिथं शर्यत लागतच नाही. पर्यावरणाच्या नावाखाली पर्यावरणच बिघडवणं असा आरोप इथं टिकत नाही.

आपल्या सरकारनंही ही वाट धरली आहे. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या योजनेत वस्त्रोद्योग मंत्रालय, सीसीआय आणि टेक्सप्रोसिल ही सुती मालाच्या निर्यातदारांची परिषद एकत्र आहेत. गाठीला क्यूआर कोड, पुढच्या प्रत्येक टप्प्याला नोंद आणि खाली ब्लॉकचेन. भारतीय कापसाला इजिप्तच्या कापसासारखं नाव मिळावं, हा हेतू. तिकडे युरोपीय संघाचा वस्तूंच्या ‘डिजिटल पासपोर्ट’चा कायदा जुलै २०२४मध्ये अमलात आला आणि कपडे त्याच्या पहिल्या यादीत आहेत. मोठ्या बॅटऱ्यांचा पासपोर्ट तर १८ फेब्रुवारी २०२७पासून सक्तीचा होतोय. या कायद्यांत ब्लॉकचेनच वापरा असं कुठेही म्हटलेलं नाही. नोंद हवी, एवढंच. तरी ब्लॉकचेन विकणाऱ्यांना हे सुगीचे दिवस आहेत.

मला काळजी वाटते ती गाठीच्या अलीकडची. गाठीपासून शर्टापर्यंतचा खर्च गिरण्या आणि ब्रँड पेलतील, कारण त्यांना विकायचं आहे. शेतापासून गाठीपर्यंतचा ढीग वेगळा ठेवायचा, तर जिनिंगला आवार अडवून ठेवावं लागतं, यंत्र थांबवून साफ करावं लागतं, तपासनिसाला फी द्यावी लागते. हा खर्च शेवटी कापसाच्या भावातून कापला जातो. आणि सेंद्रिय करू पाहणाऱ्या शेतकऱ्याची पहिली अडचण नोंदीची नसतेच. त्याला बीटी नसलेलं खात्रीचं बियाणं मिळत नाही. मिळालं तरी शेजारच्या बांधावरून, जिनिंगमधल्या सरकीतून भेसळ होते आणि प्रामाणिक माणूसही चाचणीत नापास होऊ शकतो. त्याच्या नापासाची नोंद मात्र आता कधीच पुसली जाणार नाही! सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला निदान तहसीलला खेटे घालता येतात.

वहीचा शेतकऱ्याला फायदा व्हायचा असेल, तर त्याचं नाव वहीत मोजायच्या वस्तूसारखं नको, खातेदार म्हणून हवं. टोकन त्याच्या खात्यात जन्माला यावं, आणि पुढे रुईला सेंद्रियचा जादा भाव मिळाला तर किती मिळाला, हे त्यालाही दिसावं. तंत्रज्ञान याच्या आड येत नाही. आड येते ती गावातली काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती. तिच्यावर वजन असतं, भाव असतो, कट्टी असते, कधी उचलही असते. शेताच्या गट नंबराचा रकाना मी अजून एकाही काटापट्टीवर पाहिलेला नाही.